“तुम्ही कामगार नाहीच”
(श्रीगोंदा येथील महिला मेळाव्यातील भाषण)

“उद्यापासून काम नाही” म्हणताना मालक वर ऐकवतो, “तुम्ही आमच्या कामगार नाहीच, नगावर काम घेता.” आपण गप्प घरी येतो. पण आपण कोण, हे मालकाच्या म्हणण्यावर ठरत नाही.

मी बायांना आधी विचारते, मशीन कुणाचं? माल नापास कोण करतं? तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या एका दुकानातले शिंपी नगावर शिवायचे, काही कापड घरीही न्यायचे. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना नोकरच मानलं. मशीन दुकानाचं होतं आणि शिवण पुन्हा करून घेणारा मालकच होता. १९७८ मध्ये केरळातल्या दोरखंड कामगारांबाबत न्यायालय म्हणालं, मध्ये ठेकेदार असला तरी खरा मालक कारखानदारच.

कामगार ठरलात आणि वर्षात २४० दिवस भरले, तर कपात करताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावाच लागतो.

दिवस मात्र आपल्यालाच सिद्ध करावे लागतात. म्हणून रोज वहीत तारीख, नग, मजुरी लिहा. चिठ्ठ्या जपा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. आणि कामगार अधिकाऱ्याकडे एकटीनं नको, मिळून जाऊ.