"कुणाला सांगू नको"

(नशिराबाद, जि. जळगाव येथे महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



प्रेमात फसवली गेलेली बाई आमच्या केंद्रावर येते, तेव्हा तिच्या हकिकतीत एक वाक्य हमखास असतं. "तो म्हणाला, एवढ्यात कुणाला सांगू नको." जात वेगळी आहे, बहिणीचं लग्न व्हायचंय, नोकरी पक्की व्हायचीय. कारण काहीही असो, वाक्य तेच. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

लपवणं आपल्या मुलींना नवं नाही. जातीबाहेरच्या मुलाशी बोलताना दिसली की कॉलेज बंद, महिन्याभरात कुठंतरी लग्न उरकलेलं. कधी जिवावरही बेततं. अशा दोघांनी घरच्यांपासून लपवलं, तर त्यांना खोटारडं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण याच गुपिताच्या आडोशाला दुसरं गुपित राहतं. दोघं मिळून जगापासून लपवतात, आणि तो तिच्यापासूनही लपवत असतो. बदलीवर आलेल्या माणसाला गावी बायकोमुलं आहेत का, हे कळायला दोन दिवस पुरतात. पण तिच्यातर्फे चौकशीला जाणार कोण? विचारायचं म्हटलं तर आधी स्वतःचं सांगावं लागतं.

शकुंतलेची गोष्ट आपल्याला माहीत आहे. कण्व घरी नसताना गांधर्व विवाह झाला. पुढे ती दरबारात गेली, तेव्हा राजा म्हणाला, मी तुला ओळखत नाही. कालिदासानं त्याला दुर्वासाच्या शापानं सोडवलं, अंगठी हरवली म्हणून विसरला बिचारा! महाभारतातल्या दुष्यंताला मात्र सगळं आठवतं. तो भर दरबारात जाणूनबुजून नाकारतो. मला ही जुनी गोष्ट जास्त खरी वाटते. आमच्या केंद्रावर शाप झालेला पुरुष अजून तरी आलेला नाही.

आता कायद्याचं. देवळात हार घातले, कुंकू लावलं, झालं लग्न, असं मुलगी धरून चालते. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलंच एक प्रकरण होतं. पहिली बायको असताना त्या माणसानं १९६२ मध्ये गांधर्व पद्धतीनं दुसरं लग्न केलं होतं. न्यायालय म्हणालं, होम नाही, सप्तपदी नाही, म्हणजे हे लग्नच नव्हे. लग्न नाही तर द्विभार्येचा गुन्हाही नाही. तो सुटला.

बरं, विधी पुरे केले तर? १९७४ साली आपल्याच राज्यातल्या एका बाईचं लग्न हिंदू पद्धतीनं झालं. नवऱ्याची पहिली बायको हयात होती. तिनं पोटगी मागितली, मला अंधारात ठेवलं होतं असंही सांगितलं. १९८८ साली निकाल आला: लग्न मुळातच रद्दबातल, म्हणून ती पत्नी नाही, म्हणून पोटगी नाही. म्हणजे विधी अपुरे म्हणून तो सुटला, आणि विधी पुरे असूनही हिला काही मिळालं नाही. त्याच वर्षी संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली होती, यात मला काही योगायोग वाटत नाही.

हे बदलायला २०१३ साल उजाडलं. फेब्रुवारी २००५ मध्ये नगरकडच्या एका बाईचं देवळात लग्न झालं. तीन महिन्यांनी दुसरी बाई दारात उभी राहिली. म्हणाली, मी याची बायको. नवी नवरी तेव्हा गरोदर होती. छळ झाला, ती बाहेर पडली, मुलगी झाली. खालच्या कोर्टानं तिला महिना एक हजार आणि मुलीला पाचशे रुपये दिले. त्या दीड हजारासाठी नवरा थेट दिल्लीपर्यंत भांडला. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, पहिलं लग्न लपवून फसवलेल्या बाईला पोटगीपुरतं पत्नीच मानायचं. आपल्याच लबाडीचा फायदा नवऱ्याला घेता येणार नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ८२ मध्ये पहिलं लग्न लपवून दुसरं करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लग्नाचं खोटं वचन देऊन किंवा ओळख लपवून शरीरसंबंध ठेवणाऱ्यासाठी कलम ६९ आहे. मात्र कार्यकर्त्यांनी घाई करू नये. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं फरक केला आहे: सुरुवातीपासूनच खोटं दिलेलं वचन वेगळं, आणि खरं दिलेलं पण पुढे मोडलेलं वचन वेगळं. तो खोटं केव्हा बोलला, हे शांतपणे, तारीखवार लिहून घ्या. मोबाइलमधले निरोप पुसू देऊ नका.

आपल्या जिल्ह्यात हे बोलताना १९९४ टाळता येत नाही. आमिषं दाखवून मुलींना जाळ्यात ओढलं, फोटोंच्या धाकानं त्यांचं शोषण झालं, हे जळगावात उघडकीस आलं तेव्हा आपल्यातल्या काहीजणी मोर्चात होत्या. घराण्याचं नाव जाईल म्हणून कितीतरीजणी बोलल्याच नाहीत. पुढे अनेक आरोपी सुटले. धमकावणाऱ्याला फोटोइतकाच मुलीच्या घरच्यांच्या रागाचा आधार असतो. आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. घरच्यांचा राग किती कमी झाला, ते तुम्हीच सांगा.

म्हणून मुलींना "प्रेम करू नका" हे भाषण मी देत नाही, तुम्हीही देऊ नका. त्यानं त्या आणखी लपवतील. मंडळातली एक बाई तरी अशी हवी, की जिला मुलगी सांगेल आणि ती आईच्या आधी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, आईलाही मुलीला विचारूनच. मुलीला तिनं एवढंच विचारावं: त्याच्या घरचं कुणी तुला ओळखतं का? दिवसाढवळ्या त्याच्या गावी गेलीस का? लग्नाची नोंद करायला तो तयार आहे का?

आणि ती दुसरी बाई दारात येते, तेव्हा दोघींची झोंबाझोंबी लावून देऊ नका. तिलाही काहीच ठाऊक नसतं, बहुतेक वेळा. दोघींना चहा द्या आणि समोरासमोर बसवा. त्यानं कुणाला कोणत्या तारखेला काय सांगितलं, ते जुळवलं की अर्धी केस तिथंच उभी राहते. पोटगीच्या अर्जाचा नमुना मी बरोबर आणला आहे. चहानंतर ज्यांना हवा त्यांनी माझ्याकडून घ्यावा.