सणाचं ताट आणि आपला तांदूळ
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही बोलणार आहोत ते खाण्याविषयी. धम्माच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असं कुणाच्या मनात येईल. पण भीमजयंती किंवा वैशाख पौर्णिमा जवळ आली की आपल्या वस्तीत एक प्रश्न हमखास निघतो. घरात गोड काय करायचं? मोदक म्हटले तर ते गणपतीचे, पुरणपोळी म्हटली तर ती होळीची, पातोळ्या म्हटल्या तर त्या नागपंचमीच्या. मग बाजारातून श्रीखंडाचा डबा येतो, मुलांसाठी केक येतो, आणि झाला सण!

1956 साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपल्या वडीलधाऱ्यांनी देव्हारे उतरवले, गौरी-गणपती सोडले, श्राद्ध-पिंडदान सोडलं. ते योग्यच झालं. पण देवांबरोबर चुलीवरचे पदार्थही निघून चालले, इकडे मात्र आपलं लक्ष गेलं नाही. प्रतिज्ञांमध्ये दारू वर्ज्य सांगितली आहे. तांदूळ, नारळ आणि गूळ वर्ज्य सांगितलेले नाहीत.

तेव्हा इतर देशांतले बौद्ध लोक आपल्या मोठ्या सणाला काय शिजवतात, ते पाहू या. सुरुवात करायला लांब जायला नको. आपल्या रत्नागिरीतला थिबा राजवाडा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी 1885 साली त्याचं राज्य घेतलं आणि 1886 मध्ये त्याला इथे आणून ठेवलं. राजवाडा 1910 साली बांधून झाला, आणि 1916 साली राजाचा अंत इथेच झाला. तीस वर्षं एक बौद्ध राजा आपल्या गावात राहत होता.

त्याच्या देशाचं नवं वर्ष एप्रिलच्या मध्यावर, म्हणजे ऐन भीमजयंतीच्या दिवसांत येतं. त्या वेळी तिथे घरोघरी आणि रस्त्यावरही मोठमोठी पातेली चढतात. चिकट तांदळाच्या पिठाचे लहान गोळे वळायचे, आत ताडगुळाचा खडा ठेवायचा आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. शिजले की ते आपोआप वर येतात. त्यांच्या नावाचाच अर्थ ‘पाण्यावर तरंगणारे गोळे’ असा आहे. वर ओलं खोबरं भुरभुरवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतात. एखाद्या गोळ्यात गुळाऐवजी मिरची भरून गंमतही करतात! आता सांगा, तांदळाची पिठी, आत गूळ, वर खोबरं, हे आपल्या कोकणातल्या बाईला कुणी शिकवायला हवं का?

श्रीलंकेत पाहा. तिथेही सिंहली नवं वर्ष 13-14 एप्रिललाच येतं. त्या दिवशीचा पहिला घास किरीबतचा. ‘किरी’ म्हणजे दूध आणि ‘बत’ म्हणजे आपला भातच. नारळाच्या दाट रसात तांदूळ मऊ शिजवायचा, ताटात थापायचा आणि शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या. सुजातेने सिद्धार्थाला दिलेली खीर आपल्याला ठाऊक आहे. दुधातला तांदूळ हा आपला किती जुना मान आहे, ते यावरून ध्यानात यावं.

आणखी पूर्वेला व्हिएतनाम. तिथलं नवं वर्ष म्हणजे ‘तेत’. आपल्यासारखेच चांद्र महिने, मधूनमधून अधिक महिना. त्यामुळे तेत जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत पडतो. तिथे सगळेच बौद्ध नाहीत, सण मात्र साऱ्या देशाचा. त्याचा मुख्य पदार्थ बान चुंग. चिकट तांदूळ भिजत घालायचा, मध्ये मुगाची डाळ आणि डुकराचं मांस ठेवायचं, रुंद हिरव्या पानात चौकोनी पुडकं बांधायचं, बांबूच्या बारीक पट्ट्यांनी आवळायचं आणि दहा-बारा तास उकळायचं. रात्रभर घरातली माणसं चुलीपाशी जागतात. म्हातारी गोष्टी सांगते, पोरं पेंगतात, कुणी तरी पाणी घालतं. दक्षिणेकडे तेच केळीच्या पानात लांबट गुंडाळतात. बरेच बौद्ध लोक नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मांस खात नाहीत. त्यांच्यासाठी नुसत्या मुगाचं पुडकं असतं. सोबत साखरेत मुरवलेलं आलं, खोबऱ्याचे काप आणि कमळाच्या बिया पाहुण्यांपुढे ठेवतात.

या पदार्थाची एक लोककथा आहे. हुंग राजाला गादीचा वारस निवडायचा होता. जो सर्वांत योग्य पदार्थ आणील त्याला राज्य, असं त्याने मुलांना सांगितलं. राजपुत्र रानात गेले, समुद्रावर गेले, दुर्मिळ वस्तू घेऊन आले. लांग लिएव नावाचा मुलगा गरीब होता. त्याच्याकडे शेतातल्या तांदळाशिवाय काही नव्हतं. त्याने त्याच तांदळाचा पृथ्वीसाठी चौकोनी आणि आकाशासाठी गोल असे दोन पदार्थ केले. राजाने गादी त्यालाच दिली.

ही गोष्ट आपल्याला लागू पडते, बांधवांनो. गावजेवणात आपली माणसं लांब बसत आणि उरलंसुरलं त्यांच्या वाट्याला येई. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितलं. आपल्या आज्या-पणज्यांनी ते सोडलं आणि स्वतःच्या घरचा तांदूळ स्वतःच्या चुलीवर शिजवला. त्या तांदळाचं गोडधोड हा कुणा देवाचा प्रसाद नाही, ती आपल्या स्वाभिमानाची कमाई आहे. ती आपण केकच्या खोक्यावर सोडून द्यायची का?

व्हिएतनामचे लोक हे पदार्थ पूर्वजांपुढे ठेवतात. आपण तसं करत नाही, आणि करायची गरजही नाही. घ्यायचं ते एवढंच की, सगळ्या घराने एकत्र बसून करावं आणि शेजाऱ्याला द्यावं.

म्हणून आम्ही असं सुचवतो. वैशाख पौर्णिमेच्या सुमाराला फणस पिकतो, तेव्हा सांदणं करावीत. एक वाटी तांदळाच्या जाड रव्याला एक वाटी बरक्या फणसाचा रस, अर्धी वाटी गूळ, थोडं ओलं खोबरं आणि चिमूटभर मीठ. दोन तास भिजवून वाफवायचं आणि नारळाच्या गोड रसाबरोबर वाढायचं. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचं वाचन चालतं, तेव्हा परसात हळदीची पानं हाताशी असतात. त्या दिवसांत पातोळ्या कराव्यात. भीमजयंतीला नारळाच्या रसातला भात किंवा शिरवाळे. यात महागडं काहीच नाही.

आणि हे काम एकट्या बाईच्या गळ्यात नको. नारळ खवायला पुरुषांनी बसावं, शिरवाळ्याचा साचा मुलग्यांनी दाबावा. ज्या आजींच्या हाताला अजून प्रमाण ठाऊक आहे, त्यांच्याजवळ नातींनी वही घेऊन बसावं. आजी मुठीने मापतात, तेव्हा ती मूठ वाटीत ओतून मोजून लिहावी. मुंबईला राहणारी आपली मुलं मे महिन्यात गावी येतात, त्यांनाही बसवावं.

येत्या वैशाख पौर्णिमेला विहाराच्या अंगणात मोठा टोप चढवू या. प्रत्येक घराने एक वाटी तांदूळ आणि एक नारळ आणावा. जे तयार होईल ते वाडीत सर्वांना, जातधर्म न विचारता, पानावर वाढू या.



नमो बुद्धाय, जय भीम.