माळरान, बाटली आणि सातबारा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कॅन्सस हे अमेरिकेच्या अगदी मधोमध वसलेलं राज्य. सहलीच्या जाहिरातीत ते सहसा नसतं. समुद्र नाही, बर्फाचे डोंगर नाहीत. आहे ते माळरान. तिथे त्याला प्रेअरी म्हणतात. माझी एक मैत्रीण आणि मी, अशा आम्ही दोघीच मोटारीने या माळरानातून फिरलो. ती गाडी चालवायची, मी नकाशा सांभाळायची. रस्त्यात जे दिसलं त्यातलं आपल्या कामाचं तेवढं आज सांगते.

एके काळी उत्तर अमेरिकेत उंच गवताचं माळरान सुमारे १७ कोटी एकरांवर पसरलेलं होतं. आज त्यातलं चार टक्केही उरलेलं नाही. नांगराने ते संपवलं. जे उरलं, त्यातलं बरंचसं फ्लिंट हिल्स नावाच्या टेकड्यांत आहे. तेही कोणाच्या दयेने नव्हे. वरच्या मातीच्या पातळ थराखाली चुनखडी आणि गारगोट्या आहेत, तिथे नांगराचा फाळ चालत नाही, म्हणून! १९९६ साली स्ट्राँग सिटीजवळच्या सुमारे ११ हजार एकरांना राष्ट्रीय संरक्षण मिळालं. २००९ साली तिथे बायसन, म्हणजे तिकडचे रानगवे, पुन्हा आणून सोडले. आपल्या मारवेल-पवन्याच्याच जातकुळीतलं ब्लूस्टेम नावाचं गवत तिथे पुरुषभर उंच होतं. (बाईभर म्हणायलाही हरकत नाही.) जमिनीखाली त्याची मुळं त्याहूनही खोल जातात. दर वसंतात माळ पेटवतात आणि काही दिवसांत पुन्हा हिरवा कोंब येतो.

या टेकड्यांमधून कौन्सिल ग्रोव्ह ते कॅसोडे असा ४७ मैलांचा, म्हणजे साधारण ७५ किलोमीटरचा रस्ता जातो. निसर्गरम्य मार्ग म्हणून त्याची सरकारी नोंद आहे. रस्ता सुंदर आहेच. पण आपण कार्यकर्त्या. आपण पाट्याही वाचतो.

कौन्सिल ग्रोव्हमध्ये एका आईचा पुतळा आहे. कडेवर मूल, दुसरं पोर झग्याला बिलगलेलं, हातात बंदूक. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या बायकांची आठवण म्हणून १९२८-२९ मध्ये बारा राज्यांत असे बारा पुतळे उभे केले गेले. या बाईला नाव नाही. ती फक्त आई आहे. बाईचा पुतळा उभारायचा तर तो आईचा, हे आपल्याला नवीन नाही.

त्याच गावाच्या परिसरात कॉ लोकांची वस्ती होती. राज्याचं नावच त्यांच्या नावावरून पडलंय. त्यांच्यात मक्याची शेती बायका करत. १८७३ साली सरकारने त्या सगळ्यांना तिथून हलवून आजच्या ओक्लाहोमात नेलं. २००० साली कॉ राष्ट्राने स्वतःचे पैसे घालून त्याच परिसरातली थोडी जमीन परत विकत घेतली. आपलीच जमीन, आणि विकत! आपल्याकडच्या धरणग्रस्त बायांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

ही हिसकावलेली जमीन वाटायचा कायदा १८६२ साली झाला. होमस्टेड कायदा. पाच वर्षं राहून कसा आणि १६० एकर घ्या. अर्जदार कुटुंबप्रमुख असावा किंवा २१ वर्षांचा असावा, अशी अट होती. पुरुषच हवा असं म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा हजारो बायकांनी स्वतःच्या नावावर जमीन केली. मात्र नवरा असलेल्या बाईला सहसा हा हक्क नव्हता. म्हणजे कुंकू पुसलं तर जमीन, कुंकू असेल तर नवऱ्याची जमीन. आणि ज्या बाईला जमीन मिळाली, तिला ती दुसऱ्या बाईच्या शेतावरून मिळाली. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. एकीच्या विजयाचं गाणं गाताना दुसरीचं विस्थापन आपण गिळून टाकू नये.

त्याआधी, १८५९ साली, कॅन्ससची राज्यघटना लिहिली जात होती. क्लॅरिना निकोल्स नावाची बाई त्या सभेत रोज विणकाम घेऊन बसायची. तिला मताचा अधिकार नव्हता. पण विणता विणता तिने सभासदांना गाठून तीन गोष्टी पदरात पाडून घेतल्या: विवाहितेचा मालमत्तेवर हक्क, मुलांच्या ताब्यात आईचा समान वाटा, आणि शाळेच्या कारभारात मत. आपल्याकडे चांदवडला १९८६ साली शेतकरी बायका लाखांनी जमल्या, पुढे लक्ष्मीमुक्तीतून जमीन बायकोच्या नावावर करण्याची मोहीम निघाली. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दिला. कायदा झाला. सातबारा मात्र अजून वाट बघतोय.

पुढे आर्गोनिया हे छोटं गाव लागतं. १८८७ साली कॅन्ससमधल्या बायकांना नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मिळालं. गावातल्या दारूबंदी संघटनेच्या बायकांची टर उडवायची म्हणून काही पुरुषांनी सुझॅना सॉल्टर या २७ वर्षांच्या बाईचं नाव परस्पर महापौरपदाच्या मतपत्रिकेवर टाकलं. तिला हे मतदानाच्या दिवशी कळलं. निवडून आलात तर पद घ्याल का, असं विचारल्यावर ती हो म्हणाली आणि सुमारे दोन तृतीयांश मतांनी निवडून आली. अमेरिकेतली पहिली महिला महापौर अशी थट्टेतून झाली. आपल्याकडेही महिला राखीव जागेवर "हिला काय कळतंय" म्हणून उभ्या केलेल्या किती जणी पुढे खमक्या सरपंच झाल्या, ते इथे बसलेल्यांना ठाऊक आहे.

तिथून पश्चिमेला मेडिसिन लॉज. जवळच तांबड्या मातीच्या जिप्सम टेकड्या. १८६७ साली कायोवा, कोमांची, शायेन वगैरे जमातींशी इथे तह झाले आणि त्यांना राखीव प्रदेशात ढकललं गेलं. याच गावात कॅरी नेशन राहायची. तिचा पहिला नवरा दारूने गेला, पदरी एक मुलगी ठेवून. कॅन्ससच्या घटनेतच १८८१ पासून दारूबंदी होती, तरी गुत्ते उघडपणे चालत. तेव्हा १९०० साली तिने आधी कायोवा गावातले गुत्ते दगडांनी फोडले, नंतर विचिटातल्या एका बड्या हॉटेलचा बार फोडला. पुढे हातात कुऱ्हाड आली. तीसेक वेळा अटक झाली. दंड भरण्यासाठी ती छोट्या कुऱ्हाडींच्या पिना विकायची. तिचं म्हणणं सरळ होतं: जो धंदाच बेकायदा आहे, त्याच्या मालाला कायद्याचं संरक्षण कसलं?

लोक तिला वेडी म्हणतात. मला ती ओळखीची वाटली. नवऱ्याची कमाई गुत्त्यात जाते, घर त्याच्या नावावर, घटस्फोट अवघड, मार खाऊन सांगायला जागा नाही. अशा बाईच्या हाताला लागण्यासारखं एकच उरतं: बाटली. त्या काळच्या दारूबंदी संघटनेतूनच असंख्य बायका पहिल्यांदा सभेत बोलल्या आणि मताच्या हक्कापर्यंत पोचल्या. आपल्या पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत हे काम जवळून पाहिलं आणि १८८९ साली मराठीत लिहिलेल्या प्रवासवृत्तात त्याचं कौतुक केलं.

आता बिअरच्या भट्ट्यांचं. काहीजणींनी मला विचारलं, "मोर्च्यात पुढे असणारी तू, तिथे कशी गेलीस?" गेले, कारण तोही बायकांचाच इतिहास आहे. कॅन्ससची दारूबंदी १९४८ साली उठली. पण लॉरेन्स गावात शंभर वर्षांनंतरची पहिली कायदेशीर भट्टी, फ्री स्टेट, १९८९ साली उघडली. आता लहान गावांतही अशा भट्ट्या आहेत. बिअर बनवणं हे मुळात बाईचं काम. सुमेरमध्ये बिअरची देवता निन्कासी ही स्त्री. इंग्लंडात बायका घरोघरी बिअर करून विकत. आपल्या देशात आजही आदिवासी बाया तांदळाची हंडिया करतात. धंद्यात मोठं भांडवल आलं आणि हे काम पुरुषांकडे गेलं. एका गावात गमबूट घातलेली एक तरुणी टाकी धूत होती. ती म्हणाली, "अजूनही लोक मला विचारतात, बिअर बनवणारा कुठाय?" टेरी फॅरनडॉर्फ ही बिअर बनवणारी बाई २००७ साली अमेरिकाभर गाडीने भट्ट्या बघत फिरली आणि ठिकठिकाणच्या अशा बायकांची यादी करत गेली. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. २०२१ साली या धंद्यातल्या शेकडो जणींनी लैंगिक छळाच्या हकिगती जाहीरपणे सांगितल्या. पेला चकचकीत असला तरी आतली व्यवस्था तीच.

मी दारूचं समर्थन करत नाही. माझ्या गावच्या गुत्त्यासमोरून मुलगी संध्याकाळी जाऊ शकत नाही. तिथल्या भट्टीत आम्ही दोघी शांतपणे बसलो, मी लिंबूपाणी प्यायले, कोणी वळून पाहिलं नाही. हा फरक बिअरमुळे पडत नाही. बाईच्या नावावर घर आहे का, हातात पैसा आहे का, रात्री परतायला वाहन आहे का, यातून तो पडतो. तिथेही घरात मार खाणाऱ्या बायका आहेत, हे विसरू नका.

गडचिरोलीची दारूबंदी १९९३ सालची. चंद्रपूरला २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठवली गेली. कॅन्ससचा धडा हाच की नुसत्या बंदीच्या कागदाने गुत्ता मरत नाही आणि कागद फिरवायला वेळ लागत नाही. बाटली आडवी करायची तर निम्म्याहून जास्त बाया मतदानाला बाहेर पडाव्या लागतात. घरी बसलेलीचं मत उभ्या बाटलीच्याच पदरात पडतं. म्हणून माझी विनंती एवढीच. दारूबंदीच्या सह्या घ्यायला दारोदार जाल, तेव्हा पिशवीत दुसरा अर्जही ठेवा: घराच्या उताऱ्यावर आणि सातबारावर बाईचं नाव लावण्याचा. एकाच उंबऱ्यावर, एकाच बैठकीत दोन्ही भरून घ्या. बाटली पुन्हा उभी राहिली, तरी पायाखालची जमीन तिच्या नावावर असेल.