मोटारीचे मागील ब्रेक

पिंपरी-चिंचवड परिसरात टेल्कोने १९६६ साली कारखाना थाटला. तेव्हापासून यंत्र हाताळणारे हात या भागात वाढतच गेले. साहजिकच काळेवाडीतील एखादा गृहस्थ सुटीच्या सकाळी मोटारीच्या मागील डिस्क व पॅड घरीच बदलू म्हणतो, यात नवल नाही. डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीहून अधिक झिजली, की ती बदलणे भागच असते.

मात्र हँडब्रेक बहुधा याच चाकांवर चालतो. कामासाठी तो सोडावा लागतो. मग गाडी धरून ठेवणार कोण? यास्तव जागा सपाट असावी, पुढील चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि केवळ जॅकवर न विसंबता गाडी भक्कम घोडीवर टेकवावी.

सुटलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबू देऊ नये, तारेने बांधावा. पुष्कळ गाड्यांत मागील पिस्टन फिरवीत दाबावा लागतो, कारण हँडब्रेकची यंत्रणा त्याच्याच पोटात असते. तेथे नुसते बळ लावल्यास ती मोडते. नव्या डिस्कवरील गंजरोधक तेल पुसून काढावे आणि दोन्ही चाकांचे भाग एकदमच बदलावेत.

काम संपले असे वाटते, तोच खरा धोक्याचा क्षण होय. पिस्टन मागे सारलेला असल्याने पहिल्या दाबास पेडल पोकळ जाते. ते कठीण लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबावे आणि मगच गाडी हलवावी. एवढे विसरल्यास गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबत नाही. आणि तेथे मुले खेळत असतात.