पदकापलीकडचा खेळ

सातारा-सांगलीकडं खेळाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं खाशाबा जाधवांचं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लानं १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मग कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने, माणदेशातल्या मोहीच्या धावपटू ललिता बाबर अशी नावं ओघानं येतात. हा अभिमान रास्तच आहे. पण त्याच्या आडून एक समज घट्ट बसला आहे: ज्याच्या अंगात पदकाचा गुण आहे त्यानं खेळावं, बाकीच्यांनी वेळेत अभ्यासाला लागावं. मला याच्या नेमकं उलट म्हणायचं आहे. ज्याला आयुष्यात एकही पदक मिळणार नाही, त्या मुलाला पळापळीचा, झटापटीचा खेळ तितकाच लागतो. राग आवरणं, भीती पेलणं, हार पचवणं यांचा सराव त्याला मैदानात होतो. नुसत्या उपदेशानं तो होत नाही.

खो-खोच घ्या. मधल्या पाटीवर आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात. पळणारा गडी हाताच्या अंतरावरून निसटतो, तरी खो मिळेपर्यंत उठायचं नाही. उठलं की फाऊल. मन पुढं धावत असताना शरीर जागेवर रोखायचं, हे अवघड काम दहा वर्षांचं पोर एका डावात कितीतरी वेळा करतं. कबड्डीत बाद झालेला बाहेर बसतो आणि आपल्या बाजूनं समोरचा गडी मारला की पुन्हा आत येतो. हार कायमची नसते, हे त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तालमीत दोन पोरं भिडतात तेव्हा पकड किती आवळायची आणि कधी सैल करायची, हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून आणि श्वासावरून ओळखावं लागतं. जो ओळखत नाही, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी कुणी जोड धरत नाही. गल्लीतल्या खेळात चिमुरड्याला कच्चं लिंबू म्हणून घेतात, तिथं दांडगा मुलगा आपला जोर आपणहून कमी करतो. राग काय, भीती काय, आधी अंगात चढते: श्वास वाढतो, मुठी वळतात, डोळे भरतात. म्हणून ती आवरायची सवयही अंग तापलेलं असतानाच लागते. त्यात खेळामध्ये चूक स्वस्त असते. फार तर डाव जातो.

याला संशोधनाचाही आधार आहे. कॅनडातले संशोधक सर्जिओ पेलिस यांच्या प्रयोगांत, लहानपणी सवंगड्यांशी दंगामस्ती करू न दिलेल्या उंदरांच्या मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे आवर घालणारा भाग, वेगळ्या रीतीनं घडलेला दिसला. उंदरांवरून माणसाच्या पोराबद्दल थेट निष्कर्ष काढू नये, हे खरंच. पण न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. पाच ते नऊ या वयात पडून चांगलंच लागलेलं असण्याचं प्रमाण अठराव्या वर्षी उंचीची भीती नसलेल्यांमध्ये अधिक आढळलं. कुणी म्हणेल, मुळात धीट मुलंच जास्त चढतात आणि जास्त पडतात. तसंही असेल. तरी एकदा पडलेलं मूल जन्मभर भित्रं होतं, ही आपली धास्ती त्यातून खरी ठरत नाही.

पालकांच्या इतर शंकाही ऐकायला हव्यात. खेळात भांडणं होतात, रडीचे डाव होतात. होतातच, पण खेळ पुढं चालायचा तर ती मिटवावी लागतात, आणि मिटवणं शिकायला दुसरी इतकी सोपी जागा नाही. मात्र एकच पोर रोज मार खात असेल, तर तो खेळ उरत नाही; तिथं मोठ्यांनी मध्ये पडलंच पाहिजे. दुसरा मुद्दा असा की शेतकऱ्याच्या, ऊसतोड कामगाराच्या पोराला अंगमेहनत मुबलक असते, त्याला खेळ कशाला? पण कामाचा शेवट मुलाच्या हातात नसतो आणि नियमही त्याचे नसतात. ‘आता पुरे’ म्हणण्याची मुभा खेळातच असते. मुलींबाबत तर आपण फारच लवकर हात आखडता घेतो. वास्तविक फुगडीत दोघी मागं रेलून एकमेकींच्या पकडीवर स्वतःला सोपवतात. विश्वासाचा एवढा धडधडीत सराव दुसरीकडं क्वचित मिळतो. तो वयात येताच का थांबावा?

राहिला अभ्यासाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांसाठी दिवसाकाठी सरासरी साठ मिनिटांच्या मध्यम ते जोमदार हालचालींची शिफारस करते. चोवीस तासांत हा तास निघतो. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये शाळेला खेळाचं मैदान आवश्यक ठरवलं आहे. तेव्हा खेळाच्या तासाला गणित घेऊ नये, आणि त्या तासातला काही वेळ शिट्टीविना मुलांच्या हाती सोपवावा. संघ त्यांनीच पाडावेत, नियम त्यांनीच ठरवावेत, तंटेही त्यांनीच सोडवावेत. यातून एखादा खाशाबा निघेल न निघेल. पण परीक्षेत कमी गुण पडले म्हणून कोलमडून न जाणारी मुलं घडायची, तर हरण्याची सवय त्यांना आधी मैदानात लागलेली बरी.