नाव एक, जागा दोन



मी कवी माणूस. शिक्षण बी.ए., नोकरी तहसील कचेरीत कारकुनाची. तेव्हा हा आज संगणकावर काय बोलणार, असे तुम्हाला वाटणे साहजिक आहे. पण माझ्या घरी एक अनर्थ घडता घडता राहिला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचा मला २००९ पासून छंद आहे. आमच्याकडच्या बायका दळताना मराठीतून ओव्या गात. त्यांत मुसलमान बायकाही होत्या. माझी अम्मी त्यांतलीच. ती २०११ मध्ये गेली. तिचा आवाज, इतर बायकांचे आवाज, पुढे काढलेल्या चित्रफिती, हे सारे माझ्या भाच्याने जोडून दिलेल्या संगणकात आहे. त्यात आधी ५०० जीबीची एकच डिस्क होती. ती भरली, तेव्हा खास ओव्यांसाठी म्हणून १ टीबीची दुसरी डिस्क आणली.

गेल्या पावसाळ्यात जुनी डिस्क टकटक असा आवाज करू लागली. मी विचार केला, हिच्यात आता असून असून काय असणार? घरची कागदपत्रे, आणि त्यांच्या प्रती कपाटात आहेत. ओव्या तर नव्या डिस्कवर! संगणक बंद केला, पेटीचे झाकण काढले, स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. तेवढ्यात भाचा आला आणि दारातूनच ओरडला, "मामू, जरा ठैरो! त्या डिस्कवर कोण कोण राहतंय ते आधी विचारा तरी."

मग त्याने मला समजावले. आमचा संगणक लिनक्सवर चालतो. त्यात एलव्हीएम, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर नावाची व्यवस्था आहे. हाइन्झ माउएल्सहागेन यांनी ती १९९८ मध्ये लिनक्ससाठी लिहिली. ही व्यवस्था खऱ्या डिस्क, म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम, एकत्र करून त्यांचा एक गट बनवते. मग त्या सामाईक जागेतून हवे तेवढे लॉजिकल व्हॉल्यूम काढून देते. आमच्याकडे असे दोन आहेत. एकाचे नाव 'घर', दुसऱ्याचे 'ओव्या'. जागा मोजायचे माप असते एक्स्टेंट. सहसा तो ४ एमबीचा असतो. मी त्याला मनातल्या मनात गुंठा म्हणतो. ५०० जीबीच्या डिस्कवर असे सुमारे १ लाख १९ हजार गुंठे निघतात.

आता गंमत अशी, की 'ओव्या' हे नाव आपल्याला एकसंध दिसते, पण त्याचे गुंठे एकाच डिस्कवर असतील असे नाही. नाव एक, जागा दोन. कचेरीत उभा जन्म गेलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागला नाही. एखाद्या खातेदाराची जमीन कोणकोणत्या गटांत आहे हे पाहायचे, तर आठ-अ काढतात. एखाद्या गटात कोणाकोणाचे नाव आहे हे पाहायचे, तर सातबारा. दप्तर तेच, विचारणा दोन बाजूंनी.

संगणकातही तसेच आहे. 'एलव्हीएस' या आदेशाला 'डिव्हायसेस' हा रकाना जोडून मागितला, की कोणते व्हॉल्यूम कोणत्या डिस्कवर आहे ते दिसते. हा झाला आठ-अ. आणि 'पीव्हीडिस्प्ले' म्हणून पुढे 'डॅश एम' आणि डिस्कचे नाव दिले, की त्या डिस्कवर कितव्या गुंठ्यापासून कितव्या गुंठ्यापर्यंत कोणाचा ताबा आहे आणि मोकळे किती, ते ओळीने येते. हा सातबारा. डिस्क काढायची असेल, तर सातबाराच पाहायला हवा.

भाच्याने संगणक पुन्हा सुरू केला आणि जुन्या डिस्कचा सातबारा काढला. शून्यापासून ५१,१९९ पर्यंत 'घर'. आणि ५१,२०० पासून थेट शेवटपर्यंत 'ओव्या'!

माझ्या पोटात गोळा आला. नवी डिस्क जोडली, तेव्हा ओव्या तिकडे राहायला गेल्याच नव्हत्या. त्यांच्या जागेला फक्त नव्या डिस्कवरचा तुकडा जोडला गेला होता. म्हणजे सर्वांत आधीची मुद्रणे, अम्मीचा आवाज त्यात आला, त्या टकटकणाऱ्या डिस्कवरच होती. त्यांची प्रतही मी कोठे ठेवली नव्हती.

मग आधी सगळ्या ओव्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. त्यानंतर 'पीव्हीमूव्ह' हा आदेश देऊन जुन्या डिस्कवरचे सगळे गुंठे नव्या डिस्कवर हलवले. रात्रभर ते काम चालले होते. जुन्या डिस्कचा काही भाग वाचताच आला नसता, तर ते मध्येच अडले असते. आमचे नशीब, अडले नाही. सकाळी पुन्हा सातबारा पाहिला. सगळे गुंठे मोकळे. तेव्हा 'व्हीजीरिड्यूस'ने ती डिस्क गटातून कमी केली. संगणकातले डिस्कचे नाव बदलू शकते, म्हणून पेटी उघडण्यापूर्वी भाच्याने डिस्कवर छापलेला अनुक्रमांकही ताडून पाहिला. दोन डिस्क दिसायला जुळ्या बहिणी. चुकून चांगलीच काढायची!

त्या दिवशी चहा घेताना मी अम्मीची २००९ मधली पहिली फीत लावली. आधी जात्याची घरघर, मग तिचा आवाज. भाचा काही बोलला नाही, मीही नाही.

आता पेटीच्या दाराला मी एक कागद चिकटवला आहे. कोणत्या डिस्कवर काय, आणि खाली तारीख. पण भाचा बजावतो, "मामू, त्यावर विसंबू नका. जागा वाढवली, हलवली, की फेरफार होतो." खरेच आहे. जुना उतारा दाखवून कोणी जमिनीचा व्यवहार करू लागला, तर आम्ही कचेरीतून त्याला परत पाठवतो. ताजा उतारा काढा, मगच हात लावा.