हातमोज्यांच्या आधी

2017च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्या काळात सर्वाधिक ऐकू आलेले स्पष्टीकरण असे होते : मजुरांनी मास्क आणि हातमोजे वापरले नाहीत, दोन-तीन औषधे एकत्र कालवली, वाऱ्याची दिशा पाहिली नाही. यातले बरेचसे खरे आहे, पण ते अपुरे आहे. अपघातांच्या शास्त्राने गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे शिकवले, ते या स्पष्टीकरणाच्या नेमके उलट जाते.

मँचेस्टर विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी विमान, रेल्वे, अणुवीज अशा क्षेत्रांतील दुर्घटना अभ्यासल्या. कोणत्याही धोक्यासमोर एकामागे एक संरक्षणाचे थर असतात आणि प्रत्येक थराला भोके असतात. ती भोके एका रेषेत आली की माणूस मरतो, ही त्यांची मांडणी. शेवटच्या थरापाशी उभ्या असलेल्या माणसाची चूक आपल्याला लगेच दिसते. आधीच्या थरांतल्या चुका मात्र वर्षानुवर्षे कुणाच्या नजरेस न पडता साचलेल्या असतात.

2017ची फवारणी या नजरेने पाहू. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला दाद देईनाशी झाली होती. ही अळी फुलात शिरली की फूल न उमलता मिटलेलेच राहते, म्हणजे डोमकळी होते. पुढे ती बोंडाच्या आत बसते, तिथे वरून मारलेले औषध पोहोचत नाही. तरीही फवारण्या वाढल्या. अनेक शेतांत पऱ्हाटी छातीच्या वर गेली होती, त्यामुळे नोझल तोंडाच्या उंचीवर आले. बॅटरीवरच्या पंपातून उडणारे बारीक तुषार दाट झाडोऱ्यात तरंगत राहत. पंपाच्या झाकणाचे रबर ढिले असले की पाठ भिजते, आणि घामाने ओल्या कातडीतून विष अधिक सहज आत जाते. डबीवरचा मजकूर इतक्या बारीक अक्षरांत की उन्हात वाचता येत नाही. काय मिसळायचे हा सल्ला अनेकदा माल विकणाऱ्या कृषी केंद्राच्या काउंटरवरच मिळतो. रोजंदारीवर आलेल्या मजुराने तर डबी पाहिलेलीही नसते. दवाखान्यात पोहोचल्यावर मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकावर ॲट्रोपीनचा उतारा देता येतो, डायफेन्थियुरॉन या दुसऱ्या कीटकनाशकावर नेमका उतारा नाही. आणि अंगात गेलेले औषध कोणते, हेच कळत नसेल तर डॉक्टरांना लक्षणांमागे धावावे लागते. हातमोजे या साखळीत कितव्या जागी येतात, ते मोजून पाहा.

सुरक्षाशास्त्रात उपायांचा एक क्रम मान्य झालेला आहे. आधी धोकाच काढून टाका, ते जमत नसेल तर सौम्य पर्याय आणा, मग यंत्र सुधारा, मग प्रशिक्षण आणि नियम, आणि सर्वांत शेवटी अंगावरची साधने. आपण शेवटापासून सुरुवात केली. विदर्भातल्या सप्टेंबरच्या दमट उकाड्यात पूर्ण पोशाख घालून तासन्‌तास पंप वाहणे माणसाला शक्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची कीटकनाशकविषयक आचारसंहिताही हेच मानते : ज्या औषधासाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी साधने लागतात, ते उष्ण हवामानातील लहान शेतकऱ्याच्या हाती देणे टाळावे.

यावर पहिला आक्षेप असा की, कडक औषधे काढली तर पीक हातचे जाईल. श्रीलंकेने 1995 मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस, आणि 1998 मध्ये एंडोसल्फान बंद केले. पुढच्या दशकात तिथला आत्महत्यांचा दर जवळपास निम्म्यावर आला, आणि भाताचे उत्पादन या बंदीमुळे घटल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. आत्महत्या आणि फवारणीतली विषबाधा एक नव्हे, भात आणि कपाशीही एक नव्हे, हे मान्य. परंतु अतिविषारी द्रव्य घरात आणि शेतात नसेल तर ते जीव घेणार नाही, एवढे या पुराव्यातून निश्चित दिसते. बोंडअळीच्या बाबतीत तर फरदड (हंगामानंतरही लांबवलेले पीक) न घेणे, कामगंध सापळे लावणे, हंगाम वेळेवर संपवणे हे उपाय कृषी शास्त्रज्ञ सांगतच आले आहेत. आपल्या देशात मोनोक्रोटोफॉसवर भाजीपाल्यासाठी 2005 मध्ये बंदी आली. त्याच्या 36 टक्के द्रावणावर सरसकट बंदीचा आदेश निघायला 2023 उजाडले. मधल्या काळात, 2013 मध्ये, बिहारमध्ये याच विषाने मध्यान्ह भोजनातून 23 मुलांचा बळी घेतला होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : असे म्हटले की शेतकऱ्याची जबाबदारीच उरत नाही. तसे नाही. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, हे त्याने पाळलेच पाहिजे. पण थकलेला, तहानलेला माणूस कधी ना कधी चुकणारच, हे गृहीत धरूनच रेल्वेचे सिग्नल बसवतात. कपाशीच्या शेतासाठी हे गृहीतक सोडून द्यायचे काय कारण? पंपाच्या गळतीची तपासणी विक्रीआधी व्हावी. विक्रेत्याने दिलेला सल्ला पावतीवर लिहिलेला असावा, म्हणजे डॉक्टरांनाही तो वाचता येईल. प्रत्येक हंगामात फवारणीतून आजारी पडलेल्यांची, केवळ मेलेल्यांची नव्हे, तालुकावार नोंद जाहीर व्हावी. विमान वाहतुकीत अपघात होता होता टळला तरी त्याची नोंद होते, आणि त्या नोंदींतूनच पुढचे अपघात टळतात. आपल्याकडे मात्र चक्कर येऊन बांधावर बसलेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर घेतलेला मजूर कोणत्याच कागदावर येत नाही. तपासाची सुरुवात त्या मजुरापासून व्हायला हवी.